पायाला कुलूप

माउंटन बाइकिंगमध्ये हल्ली चढापेक्षा पेडलच्या वादातच जास्त दम लागतो. क्लिप-इनवाले म्हणतात, बुटाखालचा क्लीट खट्कन बसला की पाय पेडल सोडत नाही. खरंच सोडत नाही! टाच बाहेर वळवली की सुटतो म्हणे. पण क्लीटमध्ये चिखल भरला की स्वार उभ्या जागी, अगदी सावकाश, सायकलसकट आडवा होतो. कुलूप नसलेलं सपाट पेडल वापरणाऱ्या फ्लॅटवाल्यांनीही फार दात काढू नयेत. पेडलच्या पिनांनी नडगीवर कोरलेली नक्षी त्यांना मोजे वर ओढून झाकावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलनं २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज ही शर्यतमालिका फ्लॅटवर जिंकली. यावर क्लिपवाल्यांचं उत्तर तयार: ‘तो सॅम हिल आहे!’ अहो, मग तुम्ही कोण लागून गेलात? नवशिक्यांनो, आधी फ्लॅटच घ्या, आणि नडगीला गार्ड बांधा.