वसुंधरा आमची, बादली तुमची

पुण्यात सध्या पृथ्वी वाचवण्याचं काम जोरात सुरू आहे. कोथरूडपासून खराडीपर्यंत प्रत्येक सोसायटीत निदान एक माणूस हे काम अंगावर घेऊन बसलेला असतो आणि बाकीचे त्याच्या मेसेजखाली हिरवं पान टाकून मोकळे होतात. आमच्याकडेही गेल्या सर्वसाधारण सभेत हरित समिती स्थापन झाली. लिफ्टची दुरुस्ती आणि सी विंगची गळती हे विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेले. पृथ्वीचा ठराव मात्र दोन मिनिटांत एकमताने मंजूर झाला. तिच्यासाठी वर्गणी काढावी लागणार नाही, हे सेक्रेटरींनी आधीच स्पष्ट केलं होतं.

समितीने पहिल्याच आठवड्यात फाटकावर ‘आम्ही प्लास्टिकमुक्त’ असा बारा फुटी फ्लेक्स लावला. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीच की, असं इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोराने ग्रुपवर लिहिलं. समितीचा खुलासा आला, की बंदी एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर आहे, हा फ्लेक्स आपण दरवर्षी वापरणार आहोत. पोराच्या वडिलांना अ‍ॅडमिननी खासगीत फोन केला म्हणतात.

बंदीच्या बाबतीत महाराष्ट्र तसा देशाच्या पुढे. देशभरची बंदी आली १ जुलै २०२२ ला, आपली २३ जून २०१८ पासून लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, तिसऱ्याला २५ हजार आणि वर तीन महिने कैद. त्या जून महिन्यात भल्याभल्यांनी कपाटातल्या जुन्या पिशव्या शोधून काढल्या होत्या. पुढे झालं असं, की प्लास्टिकची पिशवी गेली नाही आणि कापडी पिशवी थांबेना. वास्तुशांतीला कापडी पिशवी, डोहाळजेवणाला कापडी पिशवी, सराफाकडे, बँकेच्या वर्धापनदिनाला, आणि पर्यावरण दिनाला तर विचारूच नका. स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांनी भरलेली एक पिशवी लटकते आणि ते दार आता पूर्ण उघडत नाही.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ साली याचा हिशेब मांडला होता. सुती पिशवी १३१ वेळा वापरली, की हवामानावरच्या परिणामापुरती ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, सूतगिरणीला वीज लागते. डेन्मार्कच्या २०१८ च्या सरकारी अहवालाने पाण्यापासून ओझोनपर्यंतचे सगळे निकष धरले आणि सेंद्रिय सुती पिशवीसाठी आकडा काढला २० हजार. म्हणजे लग्नात आहेर म्हणून मिळालेली पिशवी रोज न चुकता मंडईत नेली, तर साधारण सहस्रचंद्रदर्शनाच्या सुमाराला ती ऋणमुक्त होते. (नाल्यात तुंबणारी आणि गाईच्या पोटात जाणारी पिशवी या हिशेबांत धरलेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणीतरी हे कात्रण भाजीवाल्याला दाखवेल.)

भाजीवाल्यापुढचं दृश्य एकदा उभं राहून बघावं. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ‘धरती माझी माय’ असं छापलेली खादीची पिशवी. तिच्यात पहिली जाते प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कोथिंबीर, कारण कोथिंबीर ओली. टोमॅटो वेगळ्या पिशवीत, कारण ते दबतात. मिरच्या वेगळ्या, कारण त्या खाली सांडतात. ‘पिशवी नाही हो ताई,’ असं भाजीवाल्याने म्हटलंच तर, ‘नाही कशी? त्या गोणपाटाखाली ठेवता ना तुम्ही?’ असं त्याचंच गुपित त्याला सांगितलं जातं. धाड पडली, तर पावती भाजीवाल्याच्या नावाने फाटते. धरतीची लेकरं तोवर रिक्षात बसलेली असतात.

निसर्गाकडे परतायचा खर्चही अलीकडे फार वाढला आहे. बांबूचा ब्रश (दांडी बांबूची, केस बहुतेक वेळा नायलॉनचेच), स्टीलच्या नळ्या, नारळाच्या करवंटीचा वाडगा, शिवाय ‘झिरो वेस्ट’ स्वयंपाकघरासाठी एका मापाच्या चोवीस काचेच्या बरण्या. बरण्यांना जागा हवी म्हणून सासूबाईंचे तीस वर्षं न गंजलेले स्टीलचे डबे आधी काढून टाकावे लागतात. हे सगळं फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत दारात येतं, खोक्याच्या आत खोकं आणि त्याच्या आत फुगे असलेलं प्लास्टिक.

पाण्याचा मुद्दा समितीने विशेष गांभीर्याने घेतला. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी लागेल. खडकवासल्याचं पाणी मुळात गोडं. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी, तिथे आरओ यंत्रांना मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं. धरणाचं पाणी त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतं. (टँकरवर जगणाऱ्या वाघोलीकरांनी रागावू नये, त्यांची गोष्ट वेगळी आणि फार वाईट आहे.) तरी आमच्या प्रत्येक ओट्यावर आरओ आहे. एक लिटर पाणी शुद्ध करायला ते साधारण तीन लिटर मोरीत सोडतं. मुळात थोडेच असलेले क्षार काढून टाकतं आणि मग तब्येतीला हवेत म्हणून आणखी एक कांडी बसवून तेच परत घालतं. या सगळ्यावर विचारविनिमय होऊन पाणीबचतीची सूचना निघाली, ती अशी : घरकामाच्या बायकांनी भांडी घासताना नळ बारीक ठेवावा. सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लावली आहे.

आता कचरा. इथे आमची सोसायटी खरी रंगात येते.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं, की ओला, सुका आणि घरातला घातक कचरा घरातच वेगळा करायचा, आणि दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. त्यामुळे बिल्डरने ताबा देताना पार्किंगच्या कोपऱ्यात एक कंपोस्ट यंत्र उभं करून दिलं. त्याच्यावर पत्र्याची शेड आहे, शेडला कुलूप आहे, कुलपाची चावी जुन्या चेअरमनकडे आहे आणि जुने चेअरमन मुलाकडे न्यू जर्सीला आहेत. खंडेनवमीला शेडच्या जाळीतून यंत्रावर झेंडूची फुलं टाकली जातात. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं असं काही केलं तर पुण्यात मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते. तिच्या अर्जासोबत जोडायला यंत्राचा एक फोटो आहे, तो अतिशय सुरेख आलेला आहे.

यंत्र बंद का पडलं, याची कारणं तांत्रिक असल्याचं समिती सांगते. कारण एकच होतं. यंत्रात भुसा आणि विरजण घालावं लागतं ते ठीक, पण त्याआधी ओल्या कचऱ्यातून ओला नसलेला कचरा हाताने वेचावा लागतो. आमच्या ओल्यातून निघालं ते असं : डायपर, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, केकबरोबर आलेली सुरी, सत्यनारायणाच्या शिऱ्याच्या थर्माकोलच्या वाट्या, फुटलेला बल्ब. हाऊसकीपिंगचा पोरगा आठवडाभर त्यात हात घालत होता. पगार झाल्यावर तो आलाच नाही.

तेव्हापासून आमचा ओला-सुका दारावर येणाऱ्या मावशींच्या हवाली. या मावशी आणि त्यांच्यासारख्या तीन हजारांहून अधिक जणी-जण ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. संस्था कचरावेचकांची स्वतःची. १९९३ मध्ये बाबा आढाव आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून ही संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्यातल्या भंगाराची विक्री, यावर त्यांचं घर चालतं. पुण्याच्या बाटल्या, पुठ्ठे, डबे यांतलं जे काही खरोखर पुन्हा कारखान्यात जातं, त्यातलं बरंचसं आधी त्यांच्या बोटांतून जातं. हरित समितीच्या सदस्यांच्या यादीत मावशींचं नाव नाही. त्या सोसायटीच्या सभासद नसल्याने उपविधीत ते बसत नाही.

मावशी दारात उभ्या राहतात आणि बादली तिथेच उपडी करून दाखवतात.

‘ताई, ओल्यात परत डायपर आलंय.’

‘हो का? आमच्या बाईने टाकलं असेल.’

बाईचं सगळ्यात धाकटं बाळ पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

या मावशींचं शुल्क थोडं वाढवायचा विषय निघाला तेव्हा सभा दीड तास चालली. वाढ सांगायची लाज वाटावी एवढीच, महिन्याला घरटी एका कटिंग चहाच्या आसपास. पण प्रश्न तत्त्वाचा होता. दिवाळीला साडी देतोच की, असं एक काकू म्हणाल्या. बी ७०४ मधल्या गृहस्थांनी एक्सेल शीट मांडून सिद्ध केलं, की आपल्या कचऱ्यातलं भंगार विकून मावशींना जे पैसे मिळतात ते खरं तर आपले आहेत आणि ते शुल्कातून वळते व्हायला हवेत. हेच गृहस्थ नुकतेच बालीला बांबूच्या कुटीत राहून आले. विमानाचं तिकीट काढताना त्यांनी कार्बनच्या भरपाईची जादा रक्कम स्वखुशीने भरली होती आणि त्याचं प्रमाणपत्र स्टेटसला ठेवलं होतं. ती झाडं जगात कुठे लागणार, हे त्यांनी विचारलं नाही. मावशींना मात्र प्लास्टिकचा सध्याचा दर काय, हे ते फार खोदून विचारत होते.

जो कचरा मावशींच्याही बोटांतून निसटतो, तो गाडीत जातो. पुण्याचा असा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीने वर्षानुवर्षं सोसला. विहिरी नासल्या, माणसं रस्त्यावर बसली, गाड्या अडवल्या. त्या दिवसांत आमच्यासारख्या सोसायट्यांचा सूर असा होता, की गावकऱ्यांनी थोडं समजुतीने घ्यायला हवं, पर्यावरण हा सगळ्यांचाच प्रश्न आहे.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची एक मोहीम २०१७ पासून चालवली आहे. वापरलेला सॅनिटरी पॅड किंवा डायपर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचा आणि वर लाल पेनाने ठळक ठिपका काढायचा. म्हणजे वेचणारीला पुडी उघडून बघावी लागत नाही. या मोहिमेत काहीही विकत घ्यावं लागत नाही, दहा मिनिटांत काही घरपोच येत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही. आमच्या समितीने ती अजून विचारात न घेण्याचं दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

कागद फार मोठा लागत नाही. हे सदर ज्या पानावर छापलं आहे, ते अर्धं पुरतं. वाचून झालं असेल तर फाडून बाथरूममध्ये ठेवा, आणि शेजारी एक लाल पेन.