६८ की ७२?

हिवाळा लागला की मिनेसोटातल्या मिनियापोलिसच्या मराठी घरांत दोन पक्ष पडतात: ६८वाले आणि ७२वाले. घर किती तापवायचं त्याचे हे आकडे फॅरेनहाइटचे आहेत, आपल्या अंशांत साधारण २० आणि २२. म्हणजे वाद जेमतेम दोन अंशांचा. बाहेर उणे २५ असताना दोन अंशांचं एवढं काय, असं पुण्या-नाशकात बसून वाटेल. पण गॅसचं बिल ज्याला भरायचं असतं तो ६८चा होतो, आणि ज्याचे पाय गार पडतात तो ७२चा. पत्रिका जुळवताना नाडी बघतात, गण बघतात. हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्याकडे बिल मी भरते आणि पाय नवऱ्याचे गार पडतात.

उघड भांडण होत नाही. जिना उतरता उतरता मी थर्मोस्टॅट ७२वरून ६८वर आणते, चहा घ्यायला जाताना तो वर नेतो, आणि दोघंही काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने गप्पा मारतो. चुगली करते ती तळघरातली फर्नेस. ती धडधडून सुरू झाली की समजायचं, विरोधी पक्ष येऊन गेला.

ज्या थर्मोस्टॅटवरून हे सगळं चालतं, त्याच्या इतिहासात आमच्या गावाला मानाचं पान आहे. १८८५च्या सुमारास आल्बर्ट बुट्झ नावाच्या माणसाने मिनियापोलिसमध्ये एक यंत्र काढलं. खोली गार झाली की कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडायची, आत हवा जाऊन निखारे फुलायचे. खोली तापली की झडप मिटायची. त्या धंद्यातूनच पुढे हनीवेल कंपनी उभी राहिली आणि १९५३ साली तिचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट अमेरिकेच्या भिंतींवर चढला. बुट्झच्या आधी घरातलं कोणीतरी पहाटे तळघरात उतरून ती झडप हाताने उघडायचं. घरात किती ऊब असावी हे त्या एकाच माणसाच्या हातात होतं. शांतता बरी असणार.

या वादात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानेही एकदा बाजू घेतली आहे, आणि ती माझी. १९७७चा हिवाळा भयंकर होता, देशात नैसर्गिक वायूचा तुटवडा पडला होता. शपथ घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, २ फेब्रुवारीला, जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून शेकोटीजवळ बसले आणि टीव्हीवरून देशाला म्हणाले, घर दिवसा ६५वर ठेवा, रात्री ५५वर. त्या स्वेटरची पुढे टिंगल फार झाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ‘अंगात काहीतरी घाल’ हे वाक्य आमच्या आजीने कोणत्याही शेकोटीशिवाय आणि कॅमेऱ्याशिवाय हजारदा म्हटलेलं आहे, आणि तिचं सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

७२वाल्यांचा एक हुकमी मुद्दा असतो. “अगं, रात्री कमी केलंस तर सकाळी घर पुन्हा तापवायला दुप्पट गॅस जाईल, त्यात काय वाचलं?” ऐकायला अगदी पटतं, पण खरं नाही. घरातली उष्णता बाहेर किती वेगाने जाते ते आत आणि बाहेर किती फरक आहे यावर ठरतं. रात्रभर घर गार राहिलं तर रात्रभर कमी उष्णता गेली; सकाळी जास्तीचा जो गॅस जळतो तो या बचतीहून कमीच असतो. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की रोज आठ तास सात ते दहा अंश फॅरेनहाइट कमी ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. (हीट पंप असेल तर हिशोब वेगळा, त्याला फार खालीवर केलेलं मानवत नाही.) डिसेंबरात भारतात जाताना आम्ही ५५वर ठेवून जातो. त्याखाली न्यायची माझी हिंमत नाही. भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटले, तर वाचलेल्या गॅसच्या पैशांत प्लंबर नुसता दारापर्यंतही येणार नाही. आणि मग पुण्याला पोचल्यावर बिनफर्नेसच्या घरात, आपल्या १२ अंशांत, गार फरशीवर, मिनेसोटाची माणसं सगळ्यांत जास्त कुडकुडतात. नातेवाइकांना हे पटवून देणं अशक्य आहे.

पण दोन्ही पक्ष भांडतात ते चुकीच्या भिंतीपाशी. थर्मोस्टॅट डोळ्यांसमोर असतो म्हणून त्याच्यावर राग निघतो. पैसा जातो माळ्यावरून. गरम हवा वर चढते आणि माळ्याच्या झडपेच्या कडेने, छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, पाइपांच्या बाजूने निघून जाते. जेवढी वरून गेली तेवढी गार हवा खाली तळघराच्या सांध्यांतून आत ओढली जाते. पाण्याच्या बंबाचं धुराडं ओढायचं ना, तसं अख्खं घर ओढतं. मग तुम्ही ६८वर ठेवा नाहीतर ७२वर, तापवलेली हवा मिनेसोटाला दान.

या फटी शोधायला तंत्रज्ञ बोलावता येतो. तो पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतो आणि फटी कुठे शिट्ट्या घालतात ते बघतो. पण त्याच्या आधी घरच्या घरी करायची एक परीक्षा आहे आणि तिचं सामान प्रत्येक मराठी देव्हाऱ्यात असतं. वारा सुटलेला दिवस बघायचा, फर्नेस बंद करायची, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा पंखा लावायचा आणि पेटलेली उदबत्ती घेऊन खिडक्यांच्या चौकटी, दारांचे उंबरे, बाहेरच्या भिंतीवरचे विजेचे प्लग यांच्यापाशी सावकाश फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा झाला की तिथे फट. आमच्या सोफ्यामागच्या प्लगपाशी तो असा आडवा झाला की पलीकडून कोणी फुंकर घालतंय असं वाटावं. तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

“आज काय आहे गं? अमावस्या?”

“नाही हो आई, गॅसचं बिल आलंय.”

प्लगच्या झाकणामागे बसवायची फोमची चकती अगदी किरकोळ पैशांत मिळते. खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावायचं, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चौकटीला चिकटवायचं आणि हेअर ड्रायरने तापवायचं. सुरकुत्या डोळ्यांदेखत नाहीशा होतात आणि मधल्या हवेचा थर थंडी अडवतो. दिसायला फार शोभिवंत नसतं, पण ज्या खिडकीच्या खालच्या कडेला आतून बर्फाची बारीक दोरी धरते तिच्यापुढे शोभेचं काय कौतुक. माळ्याच्या बाबतीत मात्र क्रम पाळायचा: आधी फटी बुजवायच्या, मग वर इन्सुलेशनचा जाड थर. उलटं केलं तर गरम हवा त्या थरातूनही निघून जाते. आणि घर घट्ट केलंत की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बघा. इथे गंमत नाही.

कोणाचा माळा किती गळतो हे रस्त्यावरूनही कळतं. बर्फ पडून गेल्यावर ज्या छपरावर तो तसाच जाड राहिला ते घर शहाणं. ज्याचं छप्पर लगेच काळं दिसायला लागलं, तिथे खालून उष्णता लागते आहे. वितळलेलं पाणी वळचणीला येऊन पुन्हा गोठतं, आणि भारतातून आलेले पाहुणे ज्या लोंबत्या बर्फाच्या सुळ्यांचे फोटो काढून घरी पाठवतात, ते बहुतेकदा यजमानाचं गॅसचं बिल असतं.

आपल्या स्वयंपाकाचीही इथे किंमत मोजावी लागते. फोडणी घातली की धुराचा अलार्म ओरडू नये म्हणून पंखा लावायचा. तो मोहरी-हिंगाच्या धुराबरोबर तापवलेली हवाही बाहेर टाकतो आणि तेवढीच गार हवा फटींतून आत येते. फोडणी संपल्यावर पंखा बंद करायला विसरू नये, इतकंच मी म्हणते. फोडणी सोडा असं म्हणायला मी वेडी नाही.

उलट आपल्याकडे घर फुकटात तापवण्याचा एक खात्रीचा उपाय आहे आणि तो नेमका वर्षातल्या सगळ्यांत गार दिवसांत येतो. संक्रांतीचं हळदीकुंकू. नुसतं बसलेलं माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतं. कोपऱ्यात ठेवायचा विजेचा हीटर असतो १५०० वॉटचा. म्हणजे पंधरा जणी जमल्या की एक हीटर, तीस जमल्या की दोन. बूट आणि जाडजूड कोट दाराशी काढून काठापदराच्या साड्यांतल्या तीस जणी दिवाणखान्यात बसल्या, वाण-तिळगूळ सुरू झालं की फर्नेस गप्प होते. तास-दीड तास तिचा आवाज येत नाही. “खिडकी जरा उघडतेस का गं?” असंही कोणीतरी म्हणतं, आणि त्या दिवशी आमच्या घरातले दोन्ही पक्ष पहिल्यांदा एक होऊन तिला नको म्हणतात.

सगळी कमाई जाते ती निघताना. एक पाय बाहेर, एक आत, हातात वाणाची पिशवी, आणि “अगं, ते सांगायचं राहिलंच” म्हणून पुन्हा सुरुवात. दार सताड उघडं आणि बाहेर उणे २५. तेव्हा जानेवारीत आमच्याकडे येणार असाल तर एकट्या येऊ नका, चौघीजणींना बरोबर आणा. फक्त निरोपाचं बोलणं आत बसून पूर्ण करा आणि मगच दार उघडा.