मामा आणि कमांड लाइन

धुळ्यातल्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावरचा एकुलता संगणक आणि मुंबईच्या बँकेतले सर्व्हर, दोघांनाही चालेल अशी जावाची कॉन्फिगरेशन लायब्ररी मी लिहायला घेतली. कोडच्या आधी बोधचिन्ह तयार होतं: केळीचा घड. सेटिंग प्रॉपर्टीज फाइलीतून येवो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येवो की जेएनडीआयमधून, प्रोग्रामला त्याचा पत्ता लागू नये. कमांड लाइन सगळ्यांत वरचढ, मग एन्व्हायर्नमेंट, मग फाइल. कुणीच काही बोललं नाही, तर डिफॉल्ट.

वरचढपणा समजायला जळगावकडची भरीत पार्टी बघावी. घरच्या भरतात मिरची किती, हे आई ठरवते. अपिलाची सोय नाही. हे स्टँडअलोन, गल्ल्यावरच्या संगणकासारखं. शेतातलं भरीत मात्र एंटरप्राइज, बँकेच्या सर्व्हरांसारखं. वांगी तुरीच्या काड्यांवर भाजायची की कपाशीच्या, इथेच दोन तट पडतात. वांगं हिरवट, पांढऱ्या रेषांचंच हवं, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. जांभळं आणणाऱ्याकडे पावण्यासारखं बघतात. मग मिरची-लसूण, कांद्याची पात, तेलात परतलेले शेंगदाणे, प्रत्येकाला आपापलं मत. पुऱ्या की कळण्याची भाकरी, हा वाद तर जेवण झाल्यावरही चालतो. एवढं सगळं ठरल्यावर ठेचणाऱ्याच्या डोक्यावर उभा असलेला कुणाचातरी मामा म्हणतो, ‘‘अजून चार मिरच्या टाक रे,’’ आणि सगळे ठराव रद्द. मामा म्हणजे कमांड लाइन.

बँक काही आली नाही. कृषी केंद्राचे मालक आले. ‘‘भाऊ, बिलवर दुकाननं नाव मराठीमा येवाले पायजे. बाकी तू देखी ले.’’

नेमकं तेच अडलं. जावाची प्रॉपर्टीज फाइल मुळात पश्चिम युरोपच्या अक्षरांपुरती, आयएसओ 8859-1 मध्ये वाचायची. ‘बियाणे’ लिहायचं तर अक्षरागणिक, मात्रेगणिक युनिकोडचा क्रमांक टाकायचा. 2017च्या जावा 9 ने भाषांतराच्या फाइलींना यूटीएफ-8 दिलं. साधी सेटिंगची फाइल थेट स्ट्रीममधून वाचली तर अजून जुनीच रीत. इथे मात्र मी खरोखर चिडलो. डिफॉल्ट म्हणजे कुणाच्यातरी घरची चाल असते, आणि त्या घरात आपल्याला कुणी विचारलेलं नसतं. माझ्या लायब्ररीत यूटीएफ-8च डिफॉल्ट ठेवलं, आणि त्या एका ओळीवर मामाचीही सत्ता चालू दिली नाही.

परवा बिल बघितलं. दुकानाच्या नावापुढे ‘आणि कन्या’ आलंय. मुलगी गल्ल्यावर बसायला लागली, तर मालकांनी फाइल उघडून स्वतःच जोडलं म्हणे. मला विचारलंसुद्धा नाही. या बदलाच्या सूचनांची मी पुस्तिका काढली होती हो, बोधचिन्हासकट.