तर्रीवर उतारा

नागपूरकर कोलेस्टेरॉलला भीत नाही, भितो तो रिपोर्टला. रविवारी सावजीच्या रश्श्यात घाम गाळणारा भाऊ सोमवारी अंबाझरीला चालायला येतो आणि एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा पगारासारखा दबक्या आवाजात सांगतो. हल्ली त्याच्या खिशात प्लांट स्टेरॉलची गोळी असते. "झाडपाल्याचं हाये ना बाप्पा, काही होत नाही!" असं म्हणत तो पोह्यांवर आणखी एक पळी तर्री ओतून घेतो.

गोळीचा यात दोष नाही. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि तीच पित्ताम्लं आतड्यात मायसेल नावाचे सूक्ष्म कण तयार करून कोलेस्टेरॉलला आत शिरायला मदत करतात. स्टेरॉल हे त्याचंच वनस्पतीकुळातलं भावंड. जनरल डब्यात रुमाल टाकावा तशी ते मायसेलमधली जागा अडवतं. कोलेस्टेरॉल फलाटावरच राहतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. रोज २ ग्रॅम स्टेरॉल जेवणासोबत घेतलं, तर एलडीएल साधारण ८ ते १० टक्के उतरतं. त्यानं हृदयविकाराचा झटका टळतो, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. पण १० टक्के सूट दिसली की पिशवीभर खरेदी करायची, ही सीताबर्डीची शिकवण!

खरी गंमत तेलात आहे. घाण्याच्या जवस-तिळाच्या तेलात स्टेरॉल असतंच. पण त्या तेलाला वास येतो म्हणून आपण रिफाइंड आणलं. कारखान्यात वास घालवताना तेलातलं काही स्टेरॉलही वाफेबरोबर निघून जातं. अशा उरलेल्या मालातून ते वेगळं काढतात, गोळीत भरतात आणि आपण ते पुन्हा विकत घेतो. १९४२ साली सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण संस्थेत तेलतंत्रज्ञान शिकवणाऱ्या गावाला हा व्यवहार कळू नये?

घाणावाल्यांनीही लगेच फटाके फोडू नयेत. जवसाच्या तेलातून २ ग्रॅम स्टेरॉल मिळवायचं तर रोज पाव किलोहून जास्त तेल प्यावं लागेल. सावजीवाल्यांनी हा हिशेब मनावर घेऊ नये, एवढीच विनंती.

धंतोलीतले डॉक्टर सांगतात, तर्री कमी करा, औषध चुकवू नका. भाऊ म्हणतो, "हिवाळी अधिवेशन होऊन जाऊ द्या, पाव्हणे येतात." विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष कधी भरेल ते सरकार जाणे, रक्तवाहिन्यांचा मात्र भाऊ मुदतीआधीच भरून दाखवणार.