हो म्हणा, पण कागदावर

जुनी खासगी पत्रं संशोधनात उद्धृत करायला परवानगी कोणाची लागते? ज्यांच्या कपाटात ती सापडली त्यांची नव्हे. कागद त्यांचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. हे मला मान्य आहे. माझा वैताग पुढचा आहे.

वारस म्हणजे एक माणूस नसतो. फोनवर सगळे आपुलकीने बोलतात, "आजोबांचं नाव होतंय, छापा की!" म्हणतात. संमतिपत्र पाठवलं की "दादांना विचारून सांगतो." दादा ताईंकडे बोट दाखवतात. ताईंना आधी सगळी पत्रं वाचायची असतात. नकार कोणीच देत नाही, सहीही कोणी करत नाही. आणि प्रकाशकाला सहीच हवी असते. समीक्षेसाठी उतारे घेण्याची मुभा १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे. पण किती ओळी चालतील हे त्यात नाही, त्यामुळे दोन ओळींनाही सही मागतात.

मुदतीचं तर विचारूच नका. साने गुरुजी १९५०मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, या हिशेबाने २०११पासून 'श्यामची आई' कोणीही छापू शकतं. त्यांचं एखादं अप्रकाशित पत्र आज कुणाच्या ट्रंकेत निघालं, तर मात्र त्याची ६० वर्षं ते छापल्यानंतर मोजायला लागायची. तेच पत्र सार्वजनिक ग्रंथालयात असतं, तर लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं झाल्यामुळे संशोधकाला ते छापायला मोकळीक असती. एकच पोस्टकार्ड, पण ठेवलंय कुठे यावर सगळं ठरतं. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

वारस सापडलेच नाहीत, तर कोर्टाकडे सक्तीचा परवाना मागता येतो. अर्जाआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. पत्र मराठी, लिहिणारा मराठी, वारस असलेच तर मराठी घरातले. मराठी दैनिकाची मात्र अट नाही. शिवाय जाहिरातीचा खर्च संशोधकानेच करायचा.

अप्रकाशित पत्रांनाही पुस्तकांचाच नियम लावायला हवा. तो बदल होईल तेव्हा होवो. तोवर वारसांना एवढीच विनंती: कोणी परवानगी मागायला आलं, तर हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण लिहून, सही करून द्या.