ओल्या पुठ्ठ्याचे पैसे

हेब्बाळच्या फ्लायओव्हरखालून केंपापुराकडे वळलं की सर्व्हिस रोडवर दारूचं एक दुकान लागतं. तिथे काचेच्या दाराचा उभा फ्रीज आहे, दोन्ही कडांना पांढऱ्याफेक एलईडी पट्ट्या लावलेला. साध्या बिअरचे क्रेट मागे अंधारात आणि महागड्या बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, दिव्याला खेटून. गेल्या आठवड्यात तिथून आयपीए जातीची क्राफ्ट बिअर आणली. संत्र्याच्या सालीचा, आंब्याच्या डिंकाचा तो हिरवट वास यावा म्हणूनच माणूस साध्या बाटलीच्या दुप्पट पैसे मोजतो. बूच उघडलं तर वास आला पावसात भिजलेल्या खोक्याचा. लेबल पाहिलं. भरून पाच महिने झालेले. बाटली घेऊन परत गेलो, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "सर, क्राफ्ट ऐसाइच रहता."

या वाक्याशी माझं भांडण आहे. क्राफ्ट असं नसतं. बिअर बिघडली की तिला एक ठरावीक वास येतो. त्या वासाला कारण असतं आणि ते कारण बहुतेक वेळा टाळता येतं. बिघाडाला शैली म्हणून खपवणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि बिअर मनापासून गाळणाऱ्याचा अपमानही.

आधी त्या पुठ्ठ्याचं पाहू. बाटली भरताना बुचाखाली जराशी हवा राहून जाते. त्यातला ऑक्सिजन आणि बाहेरची उष्णता मिळून बिअर हळूहळू शिळी करतात. भिजल्या कागदाचा तो वास येतो ट्रान्स-२-नोनेनल नावाच्या रसायनाचा. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या फुलांचा सुगंध त्याच्याही आधी उडून जातो. ब्रूअरींमध्ये एक ढोबळ हिशेब वापरतात: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, तिन्हीकडे बिअरची नासाडी सारखीच. आता हा हिशेब बंगळुरूला लावा. थंड हवेचं गाव म्हणून इथे कोणी फार काळजी करत नाही, पण २०२४च्या एप्रिलमध्ये याच गावात पारा ३८च्या वर गेला होता. अशा दिवसांत पत्र्याच्या टेम्पोत आणि दुकानामागच्या खोलीत आठवडाभर राहिलेली बाटली नंतर कितीही गार केली तरी मूळ चव परत येत नाही. फ्रीज बिघाड लांबवतो, दुरुस्त करत नाही.

दुसरा शत्रू उजेड. हॉप्सच्या कडवटपणावर निळसर उजेड पडला की बिअरमध्येच असलेल्या रायबोफ्लेविनच्या मदतीने त्याची मोडतोड होते आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. एका लिटरमध्ये त्याचे ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतं. परदेशी पुस्तकं त्याला स्कंक या प्राण्याचा वास म्हणतात; तो प्राणी आपण पाहिलेला नाही. आपल्याकडचं सांगायचं तर जळकं रबर आणि कुजका लसूण यांच्या मधलं काहीतरी. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी फारच थोडा, पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. काही कंपन्या पारदर्शक बाटलीसाठी मुद्दाम प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात, तो उजेडाला दाद देत नाही. पण बाकीच्यांचं काय? हे घरी करून बघण्यासारखं आहे. हिरव्या बाटलीतली बिअर दोन ग्लासांत ओता, एक गॅलरीत दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दुसरा कपाटात. मग डोळे मिटून वास घ्या. एकदा हा फरक नाकाला कळला की त्या झगमगत्या फ्रीजकडे बघून राग आल्याशिवाय राहत नाही. दुकानदार चांगला माल चांगला दिसावा म्हणून पुढे मांडतो, आणि त्या मांडण्यानेच तो मारतो.

सगळा दोष दुकानाचा नसतो, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. लोण्याचा वास, म्हणजे थिएटरातल्या पॉपकॉर्नला असतो तसा, डायअसेटिलचा असतो. आंबवण चालू असताना हा पदार्थ तयार होतोच. यीस्टला शेवटी दोन-तीन दिवस थोड्या उबेत राहू दिलं तर यीस्टच तो संपवून टाकतं. टाकी लवकर रिकामी करायची घाई झाली की तो बाटलीत उतरतो. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळणं कमी पडलं असण्याची शक्यता मोठी. कच्च्या सफरचंदाचा आला तर बहुधा बिअर कोवळी असतानाच काढली. आणि पबमध्ये नळाच्या बिअरला आंबूस, लोणकट चव आली तर आधी नळ्यांवर संशय घ्यावा. त्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा धंद्यातला दंडक आहे.

मात्र प्रत्येक अनोळखी चव म्हणजे बिघाड नव्हे, आणि इथेच गिऱ्हाइकाचा आत्मविश्वास जातो. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यायलाच हवा, तो त्या यीस्टचा गुण आहे. बेल्जियमची लॅम्बिक आंबटच असते. बांबर्गची राउखबिअर धुराने माखलेली असते, कारण तिचं माल्टच लाकडाच्या धुरावर वाळवतात. शिमेसारखी जोरदार, गडद, बाटलीत पुन्हा आंबवलेली बेल्जियन बिअर नीट अंधारात ठेवली तर काही वर्षांनी अधिक मुरते. पण आयपीएला केळं, लागरला लोणी किंवा गव्हाच्या बिअरला पुठ्ठा चालत नाही. लेबलवर जी जात लिहिली आहे तिच्याशी चव जुळते का, एवढंच विचारायचं.

बंगळुरूच्या बाबतीत बिघडलेली बिअर मुकाट खपते हे जास्त लागतं, कारण चांगली बिअर काय असते ते या शहराला चांगलं ठाऊक आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली या ब्रूपबने टाकीशेजारी बसून ताजी बिअर पिण्याची गोडी लावली, आणि पाठोपाठ इंदिरानगरचं टॉइट, विठ्ठल मल्ल्या रोडचा बिअर क्लब, मॅग्रथ रोडचं आर्बर यांनी इथल्या तरुण पिढीची जीभ घडवली. मान्यता टेक पार्कमधून सुटलेली पोरं शुक्रवारी हेण्णूरच्या ब्रूपबमध्ये ग्लास नाकाशी धरून हेफेवायझेन आणि विटबिअर या दोन गव्हाच्या बिअरमधला फरक सांगतात. तीच पोरं घरी फोडलेल्या बाटलीतला ओला पुठ्ठा निमूट गिळतात. दूध नासलं तर सकाळी सातला पिशवी दुकानदाराच्या हातात ठेवणारी आपण माणसं. इथे मात्र आपल्यालाच कळत नसेल, असं वाटून गप्प बसतो.

आणि व्यवस्थेचं काय? कर्नाटकात दारूची घाऊक विक्री २००३ पासून सरकारी महामंडळामार्फत होते. ब्रूअरीतून डेपो, डेपोतून दुकान. प्रत्येक टप्प्यावर शिक्का, परवाना, कर चोख तपासला जातो. २०२३च्या जुलैत बिअरवरचं अतिरिक्त अबकारी शुल्क १७५ वरून १८५ टक्क्यांवर नेलं. एवढा कर घेणाऱ्या व्यवस्थेने बाटली वाटेत किती तापली हेही पाहावं, ही मागणी अजिबात जादा नाही. न गाळलेली, हॉप्सने भरलेली बिअर हा नाशवंत माल आहे. तिला कारखान्यापासून फ्रीजपर्यंत गारवा मिळालाच पाहिजे. दुकानदाराला तर फारसा खर्चही नाही: एलईडी पट्ट्या बंद करायच्या, जुना माल पुढे आणायचा आणि तारीख उलटत आलेली बाटली सांगून, कमी भावात विकायची.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. बाटली घेताना आधी तळाची किंवा मानेवरची तारीख वाचावी. आयपीए तीन महिन्यांपलीकडची असेल तर ठेवून द्यावी. फ्रीजच्या दारातली सोडून आत मागे, उजेडापासून दूर असलेली मागावी. ग्लासात ओतून आधी वास घ्यावा. बिघडलेली निघाली तर ओतून टाकण्याआधी तारखेचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून लेबलवरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर पाठवावा, कुठल्या भागातून आणि कशा फ्रीजमधून घेतली तेही लिहावं. जबाबदार ब्रूअरी प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या स्वतःकडे राखून ठेवते. त्यातली एक उघडली की दोष टाकीत होता की रस्त्यात, ते त्यांना त्याच दिवशी कळतं.