निफ्टीबाब

पगार सरकारचा आणि जीव भलतीकडेच, असा माणूस डिचोली तालुक्याला नवा नाही. मागच्या पिढीत त्याचा जीव नाटकात असे. जत्रा जवळ आली की कचेरीतल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर संभाजीचे संवाद उतरत, आणि साहेब काणाडोळा करत, कारण औरंगजेबाची भूमिका साहेबांकडे असे. आताच्या पिढीचा जीव निफ्टीत आहे. टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या मोबाइलवर डिमॅट खाते उघडले, चार दिवस बाजार चढला, आणि माणूस बिघडला तो बिघडलाच. गाव त्याला निफ्टीबाब म्हणते. असे निफ्टीबाब मयेत आहेत, साखळीत आहेत, पेडण्यात तर वाड्यावाड्यावर आहेत. मी नार्व्याचा निवडला, कारण त्याला रोज नदी ओलांडावी लागते.

नार्व्याहून पणजीला जायचे तर फेरीबोटी दोन. पहिली नार्वे ते दिवाडी, मग बेटावरून दुचाकी, मग दुसरी फेरी. बाजार उघडतो सव्वानऊला, कचेरी साडेनऊला. म्हणजे घंटा वाजते तेव्हा निफ्टीबाब हेल्मेटसकट मांडवीच्या मधोमध असतो. कचेरीत पोचायला उशीर होतोच, पण त्याचे खापर निफ्टीवर फोडू नये. ती परंपरा जुनी आहे.

फेरीत उभ्याने तो ॲप उघडतो. उघडल्याबरोबर सेबीच्या हुकमाने एक पाटी येते: इक्विटी एफ अँड ओमध्ये दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर्सना निव्वळ तोटा होतो. ‘समजले’ असे बटण दाबल्याखेरीज पुढे जाता येत नाही. निफ्टीबाब बटण दाबतो, मान वर करतो आणि फेरीतल्या इतर दुचाकीवाल्यांकडे कणवेने पाहतो. ते बिचारे नऊ.

‘‘कितें रे, वयर काय सकयल?’’ रोजचा सोबती विचारतो.

‘‘साइडवेज,’’ निफ्टीबाब म्हणतो. बाजार वर गेला आणि याने पुट, म्हणजे बाजार पडण्यावरचा डाव, घेतलेला असला की त्या दिवसाला साइडवेज म्हणतात.

पणजीच्या वाटेवर नदीत कॅसिनोची जहाजे उभी दिसतात. त्यांच्याकडे तो बघतसुद्धा नाही. जुगाराचा त्याला मनस्वी तिटकारा आहे. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत जायला बंदी आली, तेव्हा सरकारच्या या निर्णयाचे त्याने तोंडभरून कौतुक केले होते. जहाजावर जाऊन पैसे घालवायचे ही कल्पनाच त्याला रानटी वाटते. घालवायचे ते खिशातून, बसल्या जागी.

चहाच्या गाड्यावर कुणी म्हातारा ‘‘म्हणजे मटकाच ना रे बाबा?’’ असे म्हणाला, तर मात्र निफ्टीबाब भाजीपाव तसाच टाकून उठतो. मटक्याला अभ्यास नाही, चार्ट नाही, सपोर्ट नाही, रेझिस्टन्स नाही. आता मटक्याची मूळ कुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर लागणाऱ्या पैजांत निघते, त्यातले ओपन-क्लोज आजही तिथलेच आहे. पण हे त्याला सांगायला मी गेलो नाही. भाजीपाव वाया जातो.

जुगाराच्या बाबतीत त्याचा कायदाही पाठ आहे. सरकारी नोकरांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत सोळावा नियम सांगतो की कर्मचाऱ्याने शेअरांचा सट्टा करू नये, आणि वरचेवर खरेदी-विक्री केली तर तो सट्टाच धरला जाईल. निफ्टीबाब हसून सांगतो, मान्यताप्राप्त शेअरबाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सना आयकर कायदा सट्टा धरतच नाही, धंदा धरतो. म्हणून तर नोकरदाराचा साधा फॉर्म सोडून त्याला आयटीआर-3 भरावा लागतो. युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण एवढीच की परवानगीवाचून धंदा करायचा नाही, असे त्याच नियमांतला पंधरावा नियम म्हणतो. सट्टा म्हणावे तर सोळा आडवा, धंदा म्हणावे तर पंधरा. मी विचारले, मग तू नेमके करतोस काय? ‘‘हेजिंग,’’ तो म्हणाला. साहेबांना या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, तोवर चालेल.

कचेरीत त्याचे टेबल खिडकीजवळ आहे, नेटवर्कसाठी. उजवा खण चार बोटे उघडा असतो. आत मोबाइल उताणा, त्यावर लाल-हिरव्या मेणबत्त्या आणि मोबाइलच्या उशाला शिक्का. समोरचा माणूस दाखल्यासाठी अर्ज पुढे करतो. निफ्टीबाब अर्ज वाचतो, खणात बघतो, पुन्हा अर्ज वाचतो, पुन्हा खणात बघतो. समोरच्याला वाटते खणात नियमांचे पुस्तक असावे. मग एकाएकी निफ्टीबाबच्या कपाळावर आठी पडते आणि तो म्हणतो, ‘‘रेशनकार्डाची झेरॉक्स नाही.’’ झेरॉक्स असते. बँक निफ्टी दीडशे पॉइंट खाली आलेला असतो.

तोट्याचे त्याचे व्याकरण वेगळे आहे. विकले नाही तोवर तोटा नाही, हा पहिला नियम. पडत्या भावात आणखी घ्यायचे, म्हणजे ‘ॲव्हरेज’ होते, हा दुसरा. स्टॉपलॉस लावावा हे तो गावातल्या चार तरुणांना पोटतिडकीने शिकवतो. स्वतः लावतो आणि भाव जवळ आला की काढून घेतो. ऑप्शनचा प्रीमियम वेळेबरोबर कसा उतरतो, हेही त्याने मला फार छान समजावले: बर्फावाचून ठेवलेला बांगडा दुपारी चारला कोण घेईल? इतके नीट कळलेला माणूस दर आठवड्याला दोन टोपल्या बांगडे घेऊन उन्हात का बसतो, याचे उत्तर त्या समजावण्यात नव्हते.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला. एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्स, त्यांतले 93 टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखापेक्षा जास्त कमावणारे एक टक्का. मी ते कात्रण त्याच्याकडे दिले. त्याने मन लावून वाचले आणि म्हणाला, ‘‘बघ, किती लोक अभ्यास न करता येतात!’’

देवाधर्मातही त्याचे बाजारावर लक्ष असते. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपणे, गुरुवारी होती तोवर तो साखळीच्या दत्ताचा गुरुवार करायचा. सप्टेंबर 2025 पासून ती मंगळवारी आली, तेव्हापासून मंगळवार गणपतीचा. सोमवारी सकाळी सप्तकोटीश्वर ठरलेलाच. शिवाजी महाराजांनी 1668 साली जीर्णोद्धार केलेले ते देऊळ पाहायला पाहुणा आला की निफ्टीबाब महाराजांवरून लगेच कदंबांवर येतो: त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर आमच्या देवाचे नाव होते, पैसा आमच्या गावाच्या रक्तातच आहे. पाहुणा मान डोलावतो.

रक्तात असेल तर तो त्याच्या काकांच्या असावा. काकांनी खाणीच्या भरभराटीत कुणाच्या तरी सांगण्यावरून सेसा गोवाचे थोडे शेअर घेतले आणि विसरले. खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, सुरू झाल्या, 2018 मध्ये परत बंद पडल्या. मधल्या काळात कंपनीचे नाव सेसा स्टरलाइट झाले, मग वेदान्ता झाले. काका अजून ‘सेसा’च म्हणतात. विकायचे कसे ते त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून विकले नाहीत. लाभांश आला की पासबुक भरून घेतात आणि पुतण्याला विचारतात, ‘‘तुझे कसे काय?’’

‘‘मोठे टार्गेट आहे,’’ पुतण्या म्हणतो.

बायको मात्र त्याला काही विचारत नाही. तिने एकच गोष्ट केली आहे: पगार जमा झाल्याचा मेसेज तिच्या मोबाइलवर येतो, आणि त्यातला घरखर्च त्याच मिनिटाला तिच्या खात्यात जातो. उरलेल्यावर बाजार चालतो. नोकरी सांभाळून ट्रेडिंग करतो असे तो सांगत असला तरी सांभाळणारी नोकरीच आहे, हे घरात तिला एकटीला माहीत आहे. ‘‘दोन वर्षांत राजीनामा देतो,’’ असे तो गेली कित्येक वर्षे म्हणतो. ती म्हणते, ‘‘दे हो,’’ आणि पुढच्या महागाई भत्त्याची तारीख विचारते.

माणूस वाईट नाही, हे लिहून ठेवतो. लाच घेत नाही. हातचे सोडून देण्याची सवय लागलेल्याला घ्यायचे सुचणार कसे? तेव्हा तुमचा दाखला त्याच्या टेबलावर अडकला असेल, तर साडेतीन वाजून गेल्यावर जा. खण बंद असतो, शिक्का बाहेर असतो, झेरॉक्सबद्दल कुणी विचारत नाही आणि सही उभ्या उभ्या मिळते. मंगळवारी मात्र जाऊ नका.